तावडे हॉटेलपर्यंतचा पिक्चर

त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर घरी कळेल, आणि घरी कळलं की शुक्रवारच्या बुडवलेल्या तासांचा हिशेब निघेल. गल्लीत त्याला सगळे 'इंटरवल' म्हणतात. कारण साधं आहे. पिक्चर अर्धा झाला की हा बाहेर येतो, चहाचा कप हातात घेतो आणि निकाल देऊन टाकतो. राहिलेला अर्धा पिक्चर तो दिलेल्या निकालाला पुरावे गोळा करण्यासाठी बघतो.

मी निपाणीत त्याच्या शेजारी राहतो. तो मला काका म्हणतो, म्हणजे माझ्याकडून उसने घेतलेले पैसे परत करायची गरज नाही असं समजतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शेवटच्याच वर्षाला राहायचा त्याचा विचार दिसतो. जन्म 2004 चा. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकार सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. खटला आणि हा, दोघंही एका वयाचे. दोघांचाही निकाल लागलेला नाही. हे मी नाही, त्याचे वडील म्हणतात, आणि रोज म्हणतात.

बाहेरच्या माणसाला आमची भूगोलाची गंमत सांगायला हवी. निपाणी कर्नाटकात, पण गावाला लागून असलेलं अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. तिथं देवचंद कॉलेज. म्हणजे आमची पोरं कर्नाटकात आंघोळ करतात आणि महाराष्ट्रात हजेरी लावतात. इंटरवल आंघोळ नियमित करतो. कॉलेजच्या दारापाशी पोचला की समोर हायवे दिसतो. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला पंचाहत्तरेक किलोमीटरवर बेळगाव. एकीकडे मराठी पिक्चर पहिल्या दिवशी लागतो, दुसरीकडे कन्नड. हिंदी दोन्हीकडं. अशा ठिकाणी उभ्या असलेल्या पोरानं वर्गात जावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. गावात पिक्चर बघायला त्याची ना नसते, पण गावात तिकीट काढलं की पिक्चर सुटायच्या आत घरी कळतं.

स्टार देणाऱ्या समीक्षकांवर त्याचा विश्वास नाही. "काका, साडेतीन स्टार म्हंजे किती रुपयं?" असं तो विचारतो. त्याचं माप गाडीभाड्याचं. पिक्चर जिथपर्यंतच्या तिकिटाच्या लायकीचा, तिथपर्यंत त्याची किंमत. "कागलपर्यंतचा हाय" म्हणजे तिथं उतरून चालत घरी यावं, पुढचे पैसे वाया. गोकुळ शिरगाव म्हणजे बरा. तावडे हॉटेल म्हणजे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला, उत्तम. दक्षिणेच्या पिक्चरांना दक्षिणेचे थांबे: संकेश्वर, यमकनमर्डी, काकती, बेळगाव. एखादा अगदीच पडला तर "तवंदी घाटातच गाडी बंद पडली." मी एकदा त्याला म्हटलं, लेका, तुझ्या आईला 2023 च्या जूनपासून कर्नाटक गाडीत तिकीटच नाही, महाराष्ट्र गाडीत अर्धं, मग तिनं कसं मोजायचं? तो गंभीर झाला. म्हणाला, "म्हणूनच तिला सगळेच पिक्चर आवडत्यात."

'सैराट' आला तेव्हा, 2016 च्या एप्रिलअखेरीस, त्याची सहावीची परीक्षा नुकती संपली होती. मावशीबरोबर कोल्हापूरला जाऊन बघून आला आणि आठ दिवस कुणाशी मराठीत बोलला नाही, नुसता शिट्टी वाजवत फिरला. त्या काळात जीएसटी नव्हता. मराठी पिक्चर महाराष्ट्रात करमुक्त, कर्नाटकात करमुक्ती कन्नडला. म्हणजे तीच आर्ची, तोच ट्रॅक्टर, पण कोगनोळीचा नाका ओलांडून इकडं आली की तिच्यावर करमणूक कर. ही गोष्ट त्याला पुढं कॉलेजात कळली आणि तेव्हापासून अर्थशास्त्र विषयाबद्दल त्याचं मत वाईट झालं.

पण 'सैराट'वरचा त्याचा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो नागराज मंजुळेंपर्यंत पोचावा अशी माझी फार इच्छा आहे. आर्ची-परश्या पळून हैदराबादला का गेले? "तिथं जाऊन तेलुगू शिकावी लागली. काय गरज हुती? निपाणीला यायचं. भाषा मराठीच, राज्य दुसरं. पोलिसांस्नी पत्र लिवायला चार दिवस लागलं असतं, आन् तवर मी त्यास्नी खोली बघून दिली असती." सहावीतल्या पोरानं खोली कुठून बघून दिली असती ते विचारू नका. मला यात सबंध सीमाभागाचं मानसशास्त्र दिसतं. राज्याची हद्द म्हणजे आम्हाला काळजी नव्हे. चांगली आडोशाची जागा.

पुढच्या वर्षी मार्चात तोच पिक्चर कन्नडमध्ये आला, 'मनसु मल्लिगे'. नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. इंटरवलनं तोही बघितला. त्याच्या पुढच्या वर्षी हिंदीत 'धडक'. तोही. "काका, मी एकाच पोरीबरोबर तीन भाषांत पळून गेलो. तिन्ही वेळा घरच्यांनी पत्ता काढला." मराठीला त्यानं पुण्यापर्यंतचं तिकीट दिलं, परतीचं नको म्हणाला. कन्नडला संकेश्वर. "रिंकूचे ओठ कन्नड बोलायलेत, पण डोळे अकलूजचेच हाईत." हिंदीला तवंदी घाट. मी म्हटलं, अरे हिंदीत शेवट बदललाय, नायिका वाचते. तर म्हणाला, "वाचवायचीच हुती तर अडीच तास आमच्या जिवाला घोर कशाला?"

'केजीएफ'चे दोन्ही भाग त्यानं दोन-दोनदा पाहिले, एकदा बेळगावात कन्नडमधून, एकदा कोल्हापुरात हिंदीतून. पहिला भाग 2018 च्या डिसेंबरचा. आमच्याकडं डिसेंबर हा धोक्याचा महिना. बेळगावात विधानसभेचं अधिवेशन भरतं, मराठी मंडळी महामेळावा घेतात, कधी त्यातून बस हद्दीवरच थांबतात. पेपरातली 'सीमेवर तणाव' ही बातमी हा फक्त गाड्या सुटतील का एवढ्यासाठी वाचतो. दुसऱ्या भागाबद्दल त्याची तक्रार मात्र अशी की पहिल्या भागात गोष्ट अनंत नाग सांगतात, दुसऱ्यात प्रकाश राज. "गोष्ट सांगणारा म्हातारा बदलला. आज्जी बदलून चालंल का? सोन्याचा भाव तिथंच उतरला." यमकनमर्डी.

'कांतारा' पाहताना बेळगावात त्याच्या शेजारी एक कन्नड मित्र होता, बैलहोंगलकडचा. पिक्चरातलं कन्नड किनारपट्टीचं. मित्राला अर्धं कळेना. मग मराठी घरातल्या पोरानं बैलहोंगलच्या पोराला कन्नड पिक्चर उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये समजावून सांगितला. मागच्या रांगेतला माणूस शेवटी ओरडला म्हणे, पण कुठल्या भाषेत ओरडावं हे त्याला पटकन सुचलं नाही. या पिक्चरला बेळगाव, पूर्ण भाडं. एवढंच म्हणाला, "चलो ऐति," म्हणजे चांगला आहे. त्याच्या बाबतीत कमी शब्द म्हणजे जास्त स्तुती.

गंभीर पिक्चर त्याला वर्ज्य नाहीत. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट', ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो त्यानं कॉलेजच्या वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर लावला. अशा पिक्चरांसाठी तो हीच वेळ निवडतो. शेवटी न्यायाधीश बागेतल्या बाकावर डुलक्या घेतात आणि पोरं ओरडून त्यांना जागं करतात. "जज झोपला, मी बी झोपलो. त्याला पोरांनी उठवलं, मला आईनं." मी म्हटलं, मग पडला का? तर नाही. "तारखेवर तारीख असलेला पिक्चर निपाणीच्या माणसाला संथ वाटला तर चूक निपाणीच्या माणसाची. गोकुळ शिरगाव."

कुठल्याही पिक्चरात सीमाभाग शोधून काढायची त्याची विद्या मात्र मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. 'नटरंग' ज्या कादंबरीवरून निघाला तिचे लेखक आनंद यादव कागलचे. नाच्या झालेला अतुल कुलकर्णी जन्मानं बेळगावचा. "म्हंजे लेखक नाक्याच्या पलीकडचा, नट अलीकडचा, मधी आम्ही. ह्यो पिक्चर आमचाच." यल्लमाच्या जोगत्यांवरचा 'जोगवा' तर सांगायलाच नको. सौंदत्तीची यल्लमा ज्या जिल्ह्यात, तो आमचाच. त्याच्या घरातून डोंगराला गाडी जाते. त्या पिक्चरातलं हसण्यावारी नेऊ नये एवढी अक्कल त्याला आहे. त्यावर त्याचं भाडं मी आजवर ऐकलेलं नाही.

आणि मग 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा'. कोल्हापूरहून परत आला तो घसा बसवून. दोन दिवस खुणेनं बोलत होता, त्यामुळं ते दोन दिवस गल्लीला चांगले गेले. तिसऱ्या दिवशी आवाज आला आणि निकालही. कादंबरीकार शिवाजी सावंत आजऱ्याचे, आजरा संकेश्वरहून आंबोलीकडं जाताना लागतं, म्हणजे 'छावा'ही आपल्याच रस्त्यावरचा, हे झालंच. पण त्याचा मुख्य शोध येसूबाईंबद्दल होता. येसूबाई झालेली रश्मिका मंदाना कोडगूची. तिचा पहिला पिक्चर कन्नड, 'किरिक पार्टी', 2016 चा. त्याचा दिग्दर्शक ऋषभ शेट्टी. आणि ह्याच ऋषभ शेट्टीनं 2024 च्या डिसेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेचं पोस्टर जाहीर केलं. "काका, नीट ऐका. किरिक पार्टीतली हिरॉइन महाराजांची सून आन् किरिक पार्टीचा डायरेक्टर स्वतः महाराज. 1956 पासून जे दोन सरकारास्नी जमलं न्हाई ते ह्यांनी शूटिंगच्या तारखा देऊन मिटवलं." मी म्हटलं, हे कुणासमोर बोलू नकोस, दोन्हीकडची माणसं मारतील. तो म्हणाला, "मला दोन्हीकडच्या शिव्या समजतात, तेवढा फायदा."

अक्षय खन्नाच्या औरंगजेबाबद्दल त्याला आदर वाटला याचं त्याला वाईट वाटतं. "सगळे ओरडत हुते, त्यो एकटा विणकाम करत बसलावता. भ्या वाटलं." मला हे त्याचं सगळ्यात बरं निरीक्षण वाटतं. तो मात्र विसरूनही गेला.

त्याच्या आज्जीला पिक्चरचं वेड नाही. ती तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणीत तिच्या पिढीच्या कितीतरी बायका होत्या. 1981 ला आमच्याकडं तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, ते बाहेरच्यांनाही ठाऊक असतं. वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली ते मात्र फार थोड्यांना. त्या बायकांवर दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' या गटानं 1982 मध्ये एक माहितीपट केला, 'तंबाकू चाकीला ऊब आली'. तंबाखू रचून ठेवली की आतल्या आत तापते, ती ही ऊब. निपाणीवरचा पिक्चर, मराठीत, पंचवीस मिनिटांचा. तीन भाषांतले पिक्चर धुंडाळणाऱ्या या पोराला तो एकवीस वर्षं माहीत नव्हता. मलाही नव्हता, हे कबूल केलेलं बरं. कुणीतरी त्याला मोबाइलवर पाठवला.

परवा संध्याकाळी त्यानं तो सोप्यात आज्जीला दाखवला. मीही चहाच्या निमित्तानं जाऊन बसलो. मोबाइल उशीला टेकवून ठेवलेला, आज्जी चष्मा हातानं धरून बघत होती, आणि इंटरवल पिक्चर सोडून आज्जीकडं बघत होता. आपल्या गावाचं नाव कुठल्या पिक्चरात येतं ते इतकी वर्षं शोधणारा हा पोरगा, इथं शोधायला काही शिल्लकच नव्हतं. गाडीभाडं लावायलाही जागा नाही. जिथून गाडी सुटते तिथलाच पिक्चर.

पंचवीस मिनिटांच्या पिक्चरला मध्यंतर नसतं, त्यामुळं त्याचा निकाल काही आला नाही. पिक्चर संपल्यावर थोड्या वेळानं त्यानं नुसतं विचारलं, "कसा वाटला गं?"

आज्जीनं चष्मा पुसला. "चांगला हाय. पण वास यीना, ठसका लागंना, आन् पंचवीस मिन्टांत सुट्टी? आमास्नी अशी कधी दिली न्हाई बाबा."