कंपनी फिटिंग

पुण्यात जुन्या मोटारसायकली चालवणारे मोजके आणि उघडून बसलेले पुष्कळ. चालवणारे एखाद्या रविवारी लोणावळ्याच्या रस्त्याला फटफटताना दिसतात; उघडून बसलेले बारा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतात. खाली वर्तमानपत्र, त्यावर पाट, पाटावर स्वतः, समोर इंजिन. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यांवर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्यांवर बँकेच्या लेजरमधलं सुवाच्य अक्षर.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात, म्हणून आमच्याकडच्यांचं नाव सांगत नाही. आम्ही त्यांना ओरिजिनलकाका म्हणतो. तोंडावर अर्थातच नाही.

वय साठीच्या अलीकडचं किंवा पलीकडचं. स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. अंगात ‘जावा डे’चा टी-शर्ट. हा दिवस जुलैतल्या दुसऱ्या रविवारी साजरा होतो. देशभरचे जावा-येझदीवाले त्या दिवशी गाड्या घेऊन जमतात. काकाही न चुकता जातात, पण काकूंच्या स्कूटरवरून, कारण त्यांची येझदी तेव्हा उघडलेली असते. जमलेल्या गाड्यांमधून ते हात मागे बांधून फिरतात आणि एकेका मालकाला सांगतात, “इंडिकेटर नंतरचे दिसतात.” भाचीला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांकडे जुनी लॅम्ब्रेटा होती. “मडगार्ड लोकल आहे” असं बोलून काकांनी ते स्थळ घालवलं, अशी वदंता आहे. मुलगा कसा होता हे त्यांना आजही सांगता येत नाही. मडगार्ड आठवतं.

येझदीपाशी कोणी क्षणभर थांबला की सुटका नाही. कुरिअरवाला सहीसाठी उभा असतो, त्यालाही ऐकावं लागतं: म्हैसूरला यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना, १९६१ साली उत्पादन सुरू, १९७३ पासून टाकीवर जावाच्या जागी येझदी, १९९६ साली कारखान्याला टाळं. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, सिलेंडर एक आणि सायलेन्सर दोन. जी दांडी कीकची तीच गिअरची. पायाने गिअर टाकला की क्लच आपोआप दाबला जातो, हाताने दाबायची गरज नाही. “त्या काळात!” असं म्हणून काका थांबतात. त्या काळात जन्मालाही न आलेला कुरिअरवाला मान हलवतो आणि पुढच्या वेळी पाकीट वॉचमनकडे देऊन जातो.

काकांची गाडी १९७४ ची. भोरच्या एका वाड्यात, गोठ्याशेजारी, पोत्यांखाली मिळाली. विकणाऱ्या म्हाताऱ्याने एक वाक्य सांगितलं आणि काकांनी घासाघीस न करता पैसे मोजले: “इंजिन कधी उघडलेलं नाही. कंपनी फिटिंग आहे.” हे वाक्य पुढे आम्ही लिफ्टमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर, एकदा तर स्मशानातून परत येतानाही ऐकलं.

मग न उघडलेलं इंजिन उघडायचं कशाला? तर क्लच कव्हरमधून तेल गळत होतं. पार्किंगच्या फरशीवर डाग पडला, चेअरमननी नोटीस लावली आणि काकांना निमित्त मिळालं.

इथे थोडं तांत्रिक सांगितल्याशिवाय काकांवर अन्याय होईल. दोन धातूंच्या मध्ये जो पातळ कागद किंवा पत्रा घालतात, ते पॅकिंग. टू-स्ट्रोकमध्ये त्याला फार मान. बोअरखालच्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत शिरली की आत येणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. वंगणाचं ऑइलही त्याच पेट्रोलमध्ये कालवलेलं असल्यामुळे पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात जॅम होतो. क्लच कव्हरचं पॅकिंग त्या मानाने गरीब. गिअर ऑइल आत धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण काकांना हा भेदभाव मान्य नाही. गळती ती गळती.

(घरातल्या प्रेशर कुकरची रिंग सैल झाल्याला बरेच महिने झाले आहेत. शिट्टी होत नाही, वाफ बाजूने जाते, डाळ शिजत नाही. त्यावर काकांचं मत आहे: “नवीन आण की.”)

कव्हरचे स्क्रू काढण्यात एक रविवार गेला. तो सोडून देतो. ठोकाठोकीत विशेष काही नव्हतं. शेवटी लाकडी मोगरीने कडेकडेने हलके ठोके दिल्यावर कव्हर सुटलं, बशीभर काळं तेल वर्तमानपत्रावर सांडलं आणि पॅकिंग मधोमध फाटलं. निम्मं कव्हरला चिकटून राहिलं, निम्मं क्रँककेसला. काकांचा चेहरा उजळला. काम वाढलं होतं.

कोणताही मेकॅनिक अशा वेळी हाताला येईल तो पेचकस घेतो, खरवडतो आणि चहा यायच्या आत मोकळा होतो. काका तसं करू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अॅल्युमिनियम मऊ असतं. पेचकसाचं टोक रुतलं की चर पडते आणि नवं पॅकिंग घातल्यावरही तेल नेमकं त्या चरीतून वाट काढतं. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर फिरवला तर निघालेली कणी बेअरिंगमध्ये जाऊन बसते, हेही बरोबर. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं खरवडून धूळ उडवायची नाही, ओलं ठेवायचं, हे तर शंभर टक्के बरोबर. पंचाईत अशी की इतकं सगळं बरोबर असलेल्या माणसाचं काम पुढे सरकत नाही.

प्लॅस्टिकची पट्टी झाली. मुदत संपलेलं एटीएम कार्ड झालं. स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं झालं आणि ते परत ओट्यावर गेलं नाही. थिनर झालं. काकूंचा केस वाळवायचा ड्रायर झाला. परदेशातून मागवलेला एक फवारा झाला. त्याने बाकाचा रंग तेवढा सोलून निघाला. प्लंबर जाता जाता म्हणाला, “कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवा, साफ निघंल.” निघालं असतं, कव्हरसकट, कॉस्टिक अॅल्युमिनियमच खाऊन टाकतं. त्यानंतर प्लंबर आला की काका कव्हरावर टॉवेल टाकायचे.

अखेर दाढीचं ब्लेड. तेही आडवं, धातूवर जवळजवळ झोपवलेलं, रॉकेलचा थेंब टाकून, श्वास रोखून. नखाएवढी जागा मोकळी झाली की अंगठ्याचं नख तिथून फिरवायचं. नख कुठे अडलं तर पुन्हा रॉकेल, पुन्हा ब्लेड. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणारा, लग्नात पहिल्या पंगतीला बसून अक्षता पडायच्या आत जिलबीची चौकशी करणारा हा माणूस, त्या अरुंद कडेवर अख्खी सकाळ बसून राहायचा. काकू वरून बघायच्या. “खिरीचं पातेलं लागलं तर यांना साधं पाणी घालून ठेवायचं सुचत नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

मला काकांचा संशय यायला लागला होता. या मंडळींना गाडी चालू व्हायला नकोच असते. चालू झाली की ती नुसती गाडी, सर्व्हिसिंगला टाकायची, पीयूसी काढायची. उघडी आहे तोवर तिच्या निमित्ताने जुन्या बाजारात जाता येतं, नाना पेठेत दुकानदाराला “हे नाही, ह्याच्या आधीचं” म्हणता येतं आणि घरात कोणी काही मागितलं तर दोन्ही हात पुढे करून दाखवता येतात: काळे आहेत.

मग एका रविवारी ब्लेडखाली रंग दिसला. किरमिजी.

पॅकिंगचा वरचा पदर निघाला होता आणि धातूला चिकटलेल्या खालच्या पदरावर काहीतरी छापलेलं होतं, पण उलटं. काकांनी भिंग आणलं, मग आरसा आणला. तेवढ्यात त्यांच्या मुलाने फोनवर फोटो काढून तो उलटवला आणि मोठ्याने वाचलं: “…कुटुंब सहपरि…” खाली बारीक अक्षरात “…शाख शु…” आणि स्क्रूच्या भोकाशेजारी अर्धा गणपती.

“लग्नपत्रिका आहे ही कोणाची तरी,” काकू म्हणाल्या.

पार्किंगमध्ये शांतता पसरली. कंपनी फिटिंग हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं, ते सगळे नेमके तिथे जमले होते. काका बराच वेळ कव्हराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हैसूरच्या कारखान्यात बेळगावकडचे कामगार असतीलच की.” कोणी काही बोललं नाही. “त्या काळात कागदाची टंचाईही होती,” काकांनी पुढे सांगितलं. संध्याकाळपर्यंत ही उपपत्ती एवढी पक्की झाली की सहकुटुंब सहपरिवारावर ब्लेड चालवायला काका तयार होईनात. तो आता पुरावा होता.

मधले काही आठवडे गळती तशीच, इंजिन उघडंच. शेवटी चेअरमननी दुसरी नोटीस लावल्यावर काका कव्हर पिशवीत घालून नाना पेठेजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे निघाले. मीही बरोबर गेलो, अशी संधी कोण सोडणार. मिस्त्री सत्तरीच्या घरातले. समोर फळीवर दुसरंच एक कव्हर उताणं, त्यावर जाड कागद, आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठकठक चाललेली. ठोक्यागणिक कागद कडेवर कापला जात होता, आणि स्क्रूच्या भोकांवर छर्‍याची गोळी ठेवून एक टोला मारला की गोल चकती खाली पडत होती. कात्री नाही, माप नाही. पॅकिंग तयार.

काकांनी पिशवीतलं कव्हर दोन्ही हातांनी पुढे केलं. मिस्त्रींनी ते उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सारला आणि हसले.

“अरे, हे तर माझं लग्न.”

काकांना काही कळेना.

“एकोणऐंशी साल. पाचशे छापल्या, तीनशे वाटल्या. कागद जाड होता, वर चकाकी नाही, टाकून द्यायचा जिवावर आला. मग दोनेक वर्षं क्लच कव्हरला त्याचंच ठोकत होतो, शेलॅक लावून. बोअरखाली नाही हां घातलं कधी, तिथं टिकत नाही ते. भोरहून गाड्या माझ्याकडेच यायच्या तेव्हा.” त्यांनी बाटलीतलं स्पिरिट चिंधीवर ओतलं, चिंधी कव्हराच्या कडेवर पसरली आणि पोराला चहा सांगितला. “शेलॅक स्पिरिटात विरघळतं. रॉकेलनं काय होणार?”

चहा आला, संपला. मिस्त्रींनी चिंधी उचलली आणि अंगठ्याने रेटत पत्रिका सोलायला घेतली. खालचं अॅल्युमिनियम चकचकीत, एकही चर नाही. अर्ध्यावर काकांनी त्यांचा हात धरला.

“थांबा. मला पुन्हा तसंच बसवायचंय. जे निघालं तेच. एखादी पत्रिका शिल्लक असेल?”

“माझ्या लग्नाची? आता कुठली साहेब.” मिस्त्रींनी डोकं खाजवलं. “पण धाकट्याचं लग्न आहे मार्गशीर्षात.”

“मग त्याची द्या एक,” काका घाईघाईने म्हणाले. “मराठीच आहे ना?”

“मराठीच. यायचं हं नक्की, काकूंना घेऊन,” मिस्त्री म्हणाले आणि हात पुसत त्यांनी खिशातून फोन काढला. “नंबर सांगा. व्हॉट्सअॅपवर टाकतो.”