पाच ते आठचे भाऊ

शाळा सुटते पाचला आणि बाप घरी येतो आठला. मधल्या तीन तासांचा सातबारा भाऊंच्या नावावर आहे. तो कोणी करून दिला, हे विचारायच्या भानगडीत पडू नये. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधून असा एक तरी भाऊ सापडतोच. एसटीतून नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त, पोट बनियनच्या हद्दीबाहेर, मांड्या मात्र अजून मल्लखांब विसरलेल्या नाहीत.

आमचे भाऊ राजापेठेकडचे. त्यांची व्यायामशाळा म्हणजे टिनाचं छप्पर, शेंदरी मारुती, एक सागवानी खांब आणि एरंडेलाची बाटली. फी नावापुरती, तीही उधार. पोरांना रोज मूठभर भिजवलेले चणे मिळतात. ते भाऊंच्या नावावर खपत असले तरी आदल्या रात्री आठवणीनं वहिनी भिजवतात.

पाचच्या सुमारास भाऊ पानठेल्यासमोर उभे राहतात. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, नाकाबंदी म्हणून.

“कुठी चालला बे?”

“कुठीच नाही भाऊ.”

“मंग चाल.”

या युक्तिवादाला आजवर कोणा पोट्ट्याला उत्तर सुचलेलं नाही. फाटकात पोचल्यावर दुसरा हुकूम सुटतो, “आ कर.” खर्ऱ्याचा वास भाऊंना हातभरावरून कळतो. कळणारच. तीस वर्षं त्यांनी स्वतः खर्रा घोटून खाल्ला, दोन दाढा घालवल्या आणि आता खिशात बडीशेप घेऊन पोरांची तोंडं तपासत फिरतात.

जोर-बैठका झाल्या की कथा. कथा एकच, बर्लिनची. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936च्या ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं बर्लिनला जाऊन हुतूतू नि आपले देशी खेळ करून दाखवले, हे खरंच आहे. भाऊंचा जन्म मात्र त्यानंतर वीस वर्षांचा. तरी ते अशा तपशिलानं सांगतात की जणू हुतूतूच्या चढाईला तेच गेले होते. “अन् थंडी अशी का दात वाजून राहिले!” असं म्हणत एप्रिलच्या उकाड्यात अंगावर पंचा ओढतात. एकदा सातवीतला एक चष्मेवाला म्हणाला, “भाऊ, ते ऑलिम्पिक तर ऑगस्टमधी झालं होतं.”

“हुशार हायेस. पन्नास जोर काढ.”

अकोल्याच्या जुन्या शहरात भाऊंचे साडू हाच उद्योग करतात, पण त्यांच्या वर्षाला श्रावण हा एकच महिना असतो. शेवटच्या श्रावण सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला आणायचं, त्या कावडीसाठी ते पोरांचे खांदे घडवतात. भाऊंना हे पटत नाही. एका सोमवारासाठी अख्ख्या वर्षाचा घाम? त्यावर साडूंचा सवाल असतो, “तुमचे पोट्टे त्या खांबावर चढून काय आणतेत? आंबे?”

हाच प्रश्न आईबापही विचारतात, जरा सभ्यपणे. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील का? ट्यूशन बुडवून फायदा काय? भाऊ तेव्हा खेळात पुढे गेलेल्या पोरांच्या भिंतीवरच्या दोन फ्रेमकडे बोट दाखवतात, कारण सांगण्यासारखं तेवढंच आहे. बाकीची पोरं जिल्ह्यापर्यंतही जात नाहीत. रात्री आठला ती दमून, भुकेजून घरी येतात, वांग्याच्या भाजीलाही नाक न मुरडता जेवतात आणि आडवी होतात. माझ्या मते भाऊंची सगळी कमाई ही आहे. पण तिची फ्रेम करता येत नाही, म्हणून ते बर्लिन सांगतात.

पोरींच्या बाबतीत भाऊंचं गणित बरीच वर्षं चुकत होतं. त्या पानठेल्यावर नसतातच, मग नाकाबंदीत सापडतील कशा? शाळेतून आल्या की भांडी, नळाचं पाणी आणि कडेवर धाकटा भाऊ. शेवटी भाऊ घरोघर गेले. एक आई म्हणाली, “पोरीले पाठवतो भाऊ, पण बाबूले कोन पाह्यन?”

भाऊ बोलून गेले, “आण त्यालेई.”

आता पोरी दोरीच्या मल्लखांबावर असतात नि बाबू लोक भाऊंच्या अंगावर. परवा असाच दीड वर्षाचा एक गडी काखेत होता. रडू लागला म्हणून भाऊंनी गळ्यातली शिट्टी त्याच्या तोंडात दिली. व्यायामशाळेचा कायदा असा, की एक शिट्टी म्हणजे चढा, दोन म्हणजे उतरा आणि लांबलचक एक म्हणजे सुट्टी. बाबूनं छातीत होती नव्हती तेवढी हवा फुंकली. चपलांचा एकच धुरळा उडाला. बाबूला काखेत मारून, धोतराचा सोगा सावरत भाऊ फाटकाकडे धावले, “थांबा बे! आत्ता कुठी सव्वासहा झाले!”