तळघरातली ओल

आमच्या वरणगावच्या जुन्या घराला तळघर आहे, आणि तळघराला ओल. वाटण्या झाल्या तेव्हा तुळया मोजल्या गेल्या, तांब्याचे हंडे मोजले गेले, जात्याच्या खालच्या तळीवरूनसुद्धा दोन दिवस अबोला झाला; ओल मात्र कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. तसं पाहिलं तर एके काळी तिचे लाड होत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की सगळं घर सतरंज्या घेऊन खाली उतरायचं. त्या दिवसांत तिला कुणी ओल म्हणत नसे, 'गारवा' म्हणत. मृग लागून ज्वारीच्या कोठीला कुबट वास येऊ लागला, की गारव्याची पुन्हा ओल व्हायची. लग्नात शालजोडी पांघरलेल्या व्याह्याला दिवाळीत कुणी ओळखू नये, तसं तिचं होतं.

आजी पावसाचा अंदाज तळघराच्या तिसऱ्या पायरीवरून सांगायची. तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा भिंतीला तळहात लावायची आणि म्हणायची, "पोरा, कुरडया आत घे." आभाळ लख्ख असायचं. पुढे कधीतरी कळलं, की काळ्या मातीत मुरलेलं पाणी विटा वातीसारखं वर ओढतात; पाणी उडून जातं, खार भिंतीतच राहतो, आणि हवा दमट झाली की तो खार तिच्यातलं पाणी पिऊन काळवंडतो. ढगांना कळायच्या आत भिंतीला कळायचं, आणि भिंतीचं आजीला.

हा खार म्हणजे लोणा. पांढरा, कापसाच्या पेळूसारखा हलका, जिभेला खारट आणि गार. (चव मी घेतली आहे, आजीला सांगितलं नव्हतं.) जुन्या भिंतींवरचा असा खार खरवडून पूर्वी त्यातून सोरा काढत, आणि सोऱ्याची बंदुकीची दारू करत. गावात १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना. त्यांचं आमच्या भिंतीवाचून अडत असणार, अशी माझी लहानपणी खात्री होती. एक काडेपेटी भरून ठेवलीही होती, कधी मागणी आली तर असावी म्हणून.

चार वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला. चुन्याचा गिलावा खरवडून तळघराला सिमेंट लावलं. म्हातारा गवंडी म्हणालाही, "भाऊ, चुना श्वास घेतो, शिमिट नाक दाबतं." मला वाटलं, मजुरी वाढवतोय. पहिला पावसाळा भिंत फुगून बसलेल्या सुनेसारखी कोरडी राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात, खाली उडून जायला वाट उरली नाही म्हणून, ओल विटाविटांतून वर चढली आणि माजघरात आली. आता ती आजीच्या तसबिरीच्या खालच्या पट्टीला टेकली आहे, तळहाताएवढी.

तसबीर समोरच्या भिंतीवर लाव, असं घरात रोज कुणीतरी म्हणतं. हातोडी मी काढून ठेवली आहे. काल दुपारी ऊन कडक होतं, तो डाग जरा गडद वाटला, म्हणून आधी गच्चीवरच्या कुरडया आत घेतल्या.