राणीछाप रुपया पारखण्याची शास्त्रोक्त पद्धत
(त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या नवसंग्राहकांसाठी)

कुशावर्तात बुडी मारून झाली, त्र्यंबकराजाचं दर्शन झालं, की भाविकाच्या हाती थोडा वेळ उरतो आणि बरंच पुण्य. अशा वेळी रुद्राक्ष-स्फटिकांच्या गर्दीत एखादा काळपट चांदीचा रुपया दिसतो आणि जागच्या जागी एक संग्राहक जन्माला येतो. त्याच्या हितासाठी पुढील नियम. ते तंतोतंत पाळावेत.

१. आधी गोष्ट ऐकावी, नाणं मागाहून बघावं. ज्या गावात तुमच्या खापरपणजोबांचं नाव उपाध्यायांच्या वहीत निघतं, तिथे रुपयाला घराणं नसेल कसं? ‘वाड्याची भिंत पाडताना हंडा सापडला’ हे सर्वात उच्च कुळ. जमिनीत दडलेला दहा रुपयांच्या वरचा ऐवज सापडला, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, हा विषय मात्र काढू नये. सांगणाऱ्याचा विरस होतो.

२. वजनकाटा जवळ बाळगू नये. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. हाताळून झिजला तर वजन जरासं उतरतं. साडेनऊ ग्रॅम भरला, तर राणीची तब्येत त्या वर्षी बरी नव्हती असं धरून चालावं. लोहचुंबकही घरीच असू द्यावा. चांदी त्याला चिकटत नाही. हा रुपया चिकटला तर उगाच मनं दुखावतात.

३. साल वाचताच डोळे विस्फारावेत. १८६२ दिसलं की ‘बापरे, सत्तावन्नच्या बंडानंतर पाचच वर्षांनी!’ असं मोठ्याने म्हणावं. किंमत तिथल्या तिथे वाढते. १८७४पर्यंत टांकसाळीने रुपयावरचं साल बदललंच नाही, वर्षानुवर्षं १८६२च छापलं आणि म्हणून तो रुपया पैशाला पासरी मिळतो, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. त्याचं गुपित फोडू नये.

४. भिंग वापरायचंच तर रुबाबासाठी वापरावं, बघण्यासाठी नव्हे. बघितलं तर पंचाईत होते. खरा रुपया हातोहात फिरून झिजतो तेव्हा आधी उंच भाग सपाट होतात: राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटाची कड. खोलगट जागेतली अक्षरं त्या मानाने टोकदार राहतात. साच्यात ओतलेल्या नकलेत मात्र गाल आणि अक्षरं सारखीच बोथट, जणू सगळ्यांवर साबण फिरवलाय. पृष्ठभागावर बारीक पुळ्या असतात आणि कडेच्या उभ्या रेघांमधून एक सांधा गोल फिरलेला दिसतो. हे दिसलंच तर ‘हस्तकला’ म्हणून कौतुक करावं.

५. प्रत ठरवण्याचं काम विकणाऱ्यावर सोपवावं. घेताना रुपया ‘अनसर्क्युलेटेड’ असतो. तोच तुम्ही पुढच्या महिन्यात विकायला नेलात की ‘फाईन’ होतो, तोही मेहरबानी म्हणून. पूर्वी माळेत ओवताना लावलेली कडी घासून काढल्याचा डाग, सराफाने छिन्नीने केलेली खूण, या गोष्टी घेताना ‘इतिहास’ असतात, विकताना ‘डॅमेज’.

६. घरी आणताच चिंच आणि राख लावून खसाखसा घासावा. शंभर वर्षांत चांदीवर हळूहळू चढलेली निळसर-करडी झाक दहा मिनिटांत जाते, पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं. पण रुपया नवा कोरा दिसतो, आणि जुनं नाणं घ्यायचं ते त्याचसाठी.

७. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल, असं नाणं दिसलं तर हात जोडावेत आणि पैसे मोजावेत. कंपनीने असं नाणं चलनात कधीच आणलं नाही, हा तांत्रिक मुद्दा झाला. ते तांदूळ ओढतं असं सांगतात. पैसे ओढतं, एवढं डोळ्यांदेखत सिद्ध होतं.

८. परतताना अंजनेरीला गाडी थांबवू नये. तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि असल्या ठिकाणी माणसाला अवदसा आठवते. गोदाकाठच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला: १३ हजारांहून जास्त नाणी आणि त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर कमानी चैत्य, मागे उज्जैन चिन्ह, खालून ग्रीक अक्षरं डोकावतायत. पाचव्या नियमाप्रमाणे सगळा माल ‘डॅमेज’. पण कोणी कोणाला हरवलं हे त्या डॅमेजवरूनच कळतं. गोष्ट नाण्यावरच छापलेली. विकणाऱ्याला सांगायला काही उरत नाही. असं नाणं एकदा पाहिलं की पहिल्या नियमावरची श्रद्धा उडते. तेव्हा काच वर करून सरळ नाशिक गाठावं.

९. संग्रहाचं मृत्युपत्र करण्याच्या भानगडीत पडू नये. हंड्याची गोष्ट नातवाला पाठ असेलच. तो सगळे रुपये रुमालात बांधून सराफकट्ट्यावर नेईल. सराफ ना साल बघणार, ना राणी, ना गोष्ट ऐकणार. तो रुपये काट्यावर टाकील, एकेक कसाला लावील आणि निम्मे परत देईल.