हापूसचा व्हाइट बॅलन्स

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा देऊन मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ‘स्थिरचित्र’ म्हटलं की चुण्या पाडलेलं एक कापड आठवतं. त्यावर एक माठ, एक वांगं आणि, का कोण जाणे, एक काचेची बाटली. हे तिघं कुठल्याही घरात एकत्र नांदत नाहीत, पण परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांचं बरं जमायचं. सावली कुठे पडतेय ते नीट बघा, असं सर बजावायचे. हॉलच्या चारही बाजूंना खिडक्या होत्या, त्यामुळे सावल्याही चार. आपण त्यातली सोयीची एक धरायची आणि बाकीच्या तीन पाहिल्याच नाहीत असं करायचं. या विद्येला पुढे ‘फोटो एडिटिंग’ म्हणतात.

शिकागोच्या उत्तर भागातल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मांडणीला सर लागत नाहीत, दुकानदार पुरेसे आहेत. वेस्टर्न ॲव्हेन्यूवरून पश्चिमेकडे चालू लागलं की काचेआड प्रेशर कुकरची उतरंड, भारतात न्यायला २२० व्होल्टचे मिक्सर, शालू नेसवलेली पुतळी आणि तिच्या पायाशी बासमतीची पोती. मफत आणि तुलसी पटेल या भावांनी १९७४ साली किराण्याचं पहिलं दुकान काढलं ते याच रस्त्यावर. आता त्यांच्या शाखा अमेरिकाभर आहेत. रस्त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांना तपकिरी पाट्यांवर मानाची नावं दिली आहेत: गांधी मार्ग, जिना वे, शेख मुजीब वे, गोल्डा मेयर बुलवर्ड. ही मंडळी एका टेबलाशी बसतील असं त्यांच्या हयातीत कुणाला वाटलं नसतं. इथे खांबाखांबावर मुकाट उभी आहेत, आणि खालून १५५ नंबरची बस जाते. गुजराती, हैदराबादी, पाकिस्तानी असा हा बाजार. मराठी माणूस इथे सहसा गल्ल्यावर नसतो, गल्ल्यासमोरच्या रांगेत असतो.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी अशाच एका रांगेतून मी फोटो काढला. दुकानाच्या दारात हापूसचं उघडं खोकं, प्रत्येक फळाला पांढऱ्या फोमच्या जाळीची टोपी, शेजारी स्टीलच्या डब्यांची चळत, मागे काचेत पुतळीचा पदर आणि त्याच काचेत उमटलेली बस. परीक्षेच्या सरांनी ‘गर्दी झाली’ म्हणून दोन गुण कापले असते.

फोटो रॉ स्वरूपात होता. कॅमेरा स्वतःच जो जेपेग बनवतो तो म्हणजे निकाल लागलेला खटला: प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, आणि अपील नाही. रॉमध्ये चौदा बिटांची नोंद असते, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. ही नोंद वाचायची कशी हे कॅमेरा कंपन्या पूर्वी सांगत नसत. १९९७ साली डेव्ह कॉफिन नावाच्या गृहस्थाने एकेका कॅमेऱ्याच्या फायली उलगडत ‘डीसीरॉ’ नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि तो जगाला फुकट देऊन टाकला. २००९ मध्ये योहानेस हानिका आणि मित्रांनी ‘डार्कटेबल’ सुरू केलं. तेही फुकट, कोडसकट उघडं. फुकटच्या वस्तूत काहीतरी खोट असणारच, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. इथली खोट एवढीच की स्लायडर फार आहेत. ‘फिल्मिक’ आणि ‘सिग्मॉइड’ अशी दोन मॉड्यूलं तर एकच काम करतात, आणि दोन्ही एकदम चालू करू नयेत अशी ताकीद आहे. मग दोन ठेवली कशाला, हे विचारण्याची सोय आहे. उत्तर मात्र गणितात मिळतं.

या नादात मला एक गोष्ट कळली आणि मी थोडा हादरलो. कॅमेऱ्याचा सेन्सर रंगांधळा असतो. कोडॅकच्या ब्राइस बायरने १९७६ साली पेटंट मिळवलेल्या मांडणीनुसार त्याच्या प्रत्येक चार घरांपैकी दोनांवर हिरवी काच, एकावर लाल, एकावर निळी. पिवळ्याला घरच नाही. शेजारपाजारच्या घरांतले आकडे बघून सॉफ्टवेअर ठरवतं की इथे पिवळा असावा. म्हणजे माझ्या फोटोतला हापूस कुणी पाहिलेला नाही. तो एक निष्कर्ष आहे.

निष्कर्ष म्हटला की वाद आलाच. दुकानातून एलईडीचा प्रकाश, पश्चिमेकडून मावळतीचा, वरून निळसर आभाळाचा. पांढरं काय ते एकदा सॉफ्टवेअरला दाखवलं की बाकीचे रंग जागेवर बसतात, असं म्हणतात. मी फोमच्या टोपीवर बोट ठेवलं, तर आंबा फिकुटला. खोक्याचा पांढरा पुठ्ठा दाखवला, तर डबे निळे पडले. डबा दाखवला तेव्हा पुतळीला कावीळ झाली. शहराने २०१७ पासून रस्त्यांवरचे सुमारे पावणेतीन लाख नारिंगी सोडियम दिवे काढून एलईडी बसवायला घेतले. वीज वाचली, उत्तम झालं, पण त्या जुन्या दिव्याखाली कैरीसुद्धा पिकलेली दिसायची. आता ती सवलत राहिली नाही.

खोक्यावर आणखी एक रंग होता: पाकळ्या असलेलं हिरवं गोल चिन्ह, रडुरा नावाचं. विकिरण केलेल्या अन्नावर ते छापावं लागतं. अठरा वर्षं बंद असलेला भारतीय आंबा २००७ मध्ये अमेरिकेत परत आला तो लासलगावमार्गे. तिथलं भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेलं. तिथे गॅमा किरणांचा किमान ४०० ग्रे डोस दिला की कोयीतल्या किडीचा वंश खुंटतो. त्याच सुमारास भारताने हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना दार उघडलं. फटफटी देऊन आंबा घेतला, यात अमेरिकेचं नुकसान झालं असं कुठल्याही कोकणी माणसाला वाटणार नाही.

तो हिरवा तरी खरा लागावा म्हणून मी खटपट केली. चिन्ह हुबेहूब हिरवं झालं आणि बायको म्हणाली, “हा केशर वाटतोय.” दुकानदार गुजराती होता, त्याला आनंद झाला असता. मी फोटो रत्नागिरीच्या मावशीला पाठवला. तिचा लगेच फोन.

“अरे, देठाशी हिरवट आहे अजून. चार दिवस अढीत घाल.”

“मावशी, फोटो आहे तो.”

“असेना. पिकलेला नाहीये.”

मग मी रंगतापमानाच्या स्लायडरचीच अढी केली. पाच हजार केल्विनला आंबा पाडाला लागतो, सहा हजारांना पिकतो, सात हजारांना उतरतो. हे कुठल्या मॅन्युअलात लिहिलेलं नाही, पण तपासून बघा. आणि मूळ फायलीला यात कुठेही धक्का लागत नाही; केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फायलीत उतरतात, त्यामुळे पिकलेला आंबा पुन्हा कैरी करता येतो.

खोडण्याचा मोहही होतो. काचेवर एका गाण्याच्या कार्यक्रमाचं अर्धं फाटलेलं पोस्टर होतं आणि कोपऱ्यात कचऱ्याचा डबा. रिटच मॉड्यूलने दोन्ही क्षणात गेली असती. ठेवली. डेव्हनवरून ती दोन काढली तर उरतं ते कॅलेंडर. जवळच्याच रॉजर्स पार्कमध्ये व्हिव्हियन मायर आयुष्याच्या शेवटी राहत होती. मुलं सांभाळण्याची नोकरी करत तिने शिकागोचे ढीगभर फोटो काढले, शेकडो रोल धुतलेसुद्धा नाहीत, आणि २००९ मध्ये गेली. पुढे परक्या लोकांनी ते धुतले; कुठला फोटो किती काळा, किती उजळ, हे त्यांनी ठरवलं. तिला ते पटलं असतं का, कोण जाणे. निदान तिच्यामागे मावशीचा फोन तरी नव्हता.

सहा हजारांच्या आसपासची प्रत मी पुन्हा पाठवली. मावशीने ती मोठी करकरून पाहिली असावी, कारण फोन यायला वेळ लागला.

“आता रंग बरा आहे. पेटीत गवत नाही ते?”

“पुठ्ठ्याचं खोकं आहे. गवत नसतं त्यात.”

“आणि हे आंब्यांना पांढरं पांढरं काय घातलंय? स्वेटर?”

“तसंच काहीसं.”

“थंडी असते का रे तुमच्याकडे अजून?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. तळ्यावरून वारा सुटला होता आणि समोरचा माणूस कोटाची बटणं लावत होता. असते, म्हटलं.