मूळसर

प्रत्येक गावात एक तरी माणूस असा असतो, की त्याच्या शेजारी जेवायला बसलं की आपलं ताट गार होतं. बीडमध्ये हे काम मूळसर करतात. मूळ हे त्यांचं आडनाव नव्हे. सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, निवृत्त झाल्यावर शिकवायला वर्ग उरला नाही, तेव्हा सर दिसेल त्याला शब्दांची मुळं सांगू लागले आणि गावाने नाव ठेवून दिलं. त्यांच्या बायकोचं निदान आणखी नेमकं आहे. "यांना मूळव्याध आहे," त्या म्हणतात, "पण बसायच्या जागी नाही, बोलायच्या जागी."

दुखणं मुख्यतः खाण्याच्या वेळी उठतं. सुभाष रोडला चहा घेताना सरांनी बिस्कीट उचललं की समजावं. बिस्कीट म्हणजे मुळात दोनदा भाजलेलं, हे लॅटिनपासून सांगून होईपर्यंत ते बिस्कीट चहात तिसऱ्यांदा शिजून तळाशी गेलेलं असतं. वडापावच्या गाड्यावर एकदा त्यांनी पाव पोर्तुगिजांचा, बटाटा हा शब्दही पोर्तुगिजांचा आणि मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजातून आलेली, असा हिशेब मांडला. गाडेवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पैसे त्यांनाच देणार का, सर?"

पण सरांचा खरा शब्द कस्टर्ड. लग्नाच्या जेवणात फ्रूट कस्टर्डचं पातेलं दिसलं की सर वाटी हातात धरून थांबतात आणि मागची रांग मंडपाबाहेर जाते. कस्टर्ड हा शब्द, सर सांगतात, 'क्रस्टेड'वरून आला. फ्रेंचांचं 'क्रुस्ताद', त्याच्या मागे लॅटिनमधलं 'क्रुस्ता', म्हणजे कवच. मध्ययुगात इंग्लंडमध्ये कस्टर्ड म्हणजे पिठाच्या कवचात दूध, अंडी, कधी मांस, कधी फळं भरून भाजलेला पदार्थ. पुढे कवच गेलं, आतलं सारण राहिलं आणि कवचाचं नाव सारणाला चिकटलं. मग १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने अंडंही काढून टाकलं. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्याने मक्याच्या पिठावर बिनअंड्याची पावडर तयार केली. "म्हणजे बघा," सर वाटी उंचावून म्हणतात, "कवच नाही, अंडं नाही, तरी नाव कस्टर्ड!"

"सर, वाटी खाली धरा," वाढपी म्हणतो.

बर्डची गोष्ट सरांनी घरी सांगितली तेव्हा मात्र डाव उलटला. "त्या माणसानं बायकोसाठी पावडर शोधली," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी काय आणलंत? डिक्शनरी!"

एवढ्यावर भागलं असतं, पण सरांचा जन्म नेमका बीडचा. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला कुणी लावत नाही, पाणी घालत नाही. पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून बांधावर, माळावर ते आपोआप वाढतं. अंबाजोगाईला तर सीताफळाचं संशोधन केंद्रच आहे. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, गावाने पेढे वाटले आणि सरांची झोप उडाली. कारण चेन्नईच्या दप्तरी नोंद झाली ती 'बीड कस्टर्ड ॲपल' अशी. आत कस्टर्ड नाही, बाहेर ॲपल नाही! ॲपलचं एक वेळ चालेल, पूर्वी इंग्रज कुठल्याही फळाला ॲपल म्हणत. पण वेस्ट इंडीजमध्ये गोऱ्यांनी ज्याला आधी कस्टर्ड ॲपल म्हटलं ते रामफळ. सीताफळाला तिकडे 'शुगर ॲपल' म्हणतात. म्हणजे सरकारने रामाचं नाव सीतेला दिलं, असा सरांचा दावा. चेन्नईला पाठवायच्या पत्राचा मसुदा त्यांच्या खिशात कायम असतो. तो अजून पूर्ण झालेला नाही, कारण 'मसुदा' या शब्दापाशीच ते अडकलेत.

ही दोन्ही झाडं मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आली, हे सांगून त्यांनी एका सप्ताहाच्या मंडपात जवळजवळ मार खाल्ला. सीतामाईचं फळ अमेरिकेचं? शेवटी सरांनीच तोड काढली. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमसाहेबांना भारहुतच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत सीताफळ दिसलं होतं, असं त्यांनी जाहीर केलं. मंडळी खूश झाली. त्यावरचे आक्षेप १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात आहेत, हे सांगायला सर उठले तोवर सुदैवाने आरती सुरू झाली.

मला या माणसाचं एक कळत नाही. एवढं सगळं माहीत असून सीताफळ त्यांना अजून पारखता येत नाही. दसऱ्याच्या सुमाराला डोंगराकडून एक मावशी पाटी घेऊन येते. सर तिच्यापुढे उकिडवे बसतात, कस्टर्डपासून सुरुवात करतात आणि शेवटी नेमकं डोळे न उघडलेलं, दगडासारखं फळ उचलतात. ते घरी पिकत नाही, काळं पडतं. मावशी दरवेळी त्यांच्या हातातून ते काढून घेते आणि दुसरं देते. "बोलायचं ते बोला, सर. फळ मला निवडू द्या."

गेल्या हंगामात सर शुगर ॲपलवर आले होते. शुगर हा शब्दच आपला. संस्कृत 'शर्करा', म्हणजे आधी खडी, वाळू. तिची झाली साखर. इथून ती फारशीत, अरबीत गेली आणि युरोपात पोचली. "म्हणजे मावशी, साऱ्या जगाच्या साखरेत आपला शब्द आहे!"

मावशी पाटी आवरत होती. दिवाळी झाली की ती आणि नवरा, मिळून एक कोयता, कारखान्यावर ऊस तोडायला जाणार होते. बीडहून दरवर्षी लाखो माणसं अशी जातात, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन.

"शर्करा कुणाची का असंना," ती म्हणाली, "उचल मुकादमाची हाय."

सरांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी घासाघीस न करता उरलेली सगळी फळं घेतली. घरी बाईंना वाटलं, तब्येत बरी नाही. पण रात्री कोश उघडला आणि माणूस पूर्ववत झाला. 'मुकादम' अरबी! मुकद्दम, म्हणजे पुढे ठेवलेला! दिवाळीनंतर ते हे सांगायला गेले, तर मावशी केव्हाच कारखान्याला गेली होती. तेव्हा ते सगळं त्यांनी मला सांगितलं. माझा चहा गार झाला.

सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बीडला आलात तर सीताफळ जरूर खा. डोळे उघडलेलं बघून घ्या, बिया थुंका. आणि जवळपास झोळी अडकवलेला, चष्मा कपाळावर चढवलेला कुणी दिसला, तर फळाला सीताफळच म्हणा. कस्टर्ड हा शब्द तोंडातून काढू नका.