कारण सापडत नाही, पण सैन्य निर्दोष

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या सूक्ष्म अंशाइतकी बदलली तरी यंत्र ते टिपेल, आणि शंभर कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या कृष्णविवरांची टक्कर ओळखेल. सैन्याच्या मेडिकल बोर्डाची विद्या मात्र याच्याही पुढची. आजाराचे कारण काय, हे त्याला ठाऊक नसते. पण ते सैन्यातल्या नोकरीत नव्हते, हे मात्र पक्के ठाऊक असते. याच जिल्ह्यातल्या कळमनुरीचा, सेनगावचा पोरगा भरतीला जातो तेव्हा छाती 77 सेंटिमीटर, फुगवून 5 जास्त, डोळे, कान, दात असे सगळे तपासून सैन्यच त्याला धडधाकट ठरवते. पुढे फिट्स येऊ लागल्या की तेच सैन्य म्हणते, दोष मुळात तुझ्या प्रकृतीतच होता. मग भरतीला तपासले ते काय?

जवान धरमवीर सिंग 1985 ला भरती झाले आणि 1994 मध्ये फिट्सच्या आजाराने, 20 टक्के अपंगत्वासह, घरी पाठवले गेले. आजार नोकरीमुळे नाही, असे म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मिळवून दिली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरायचे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही, शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा, असे न्यायालय म्हणाले. यात नवे काही नव्हते. हे सरकारच्याच 1982 च्या नियमांत लिहिलेले होते. सरकारी नियम सरकारला वाचून दाखवायला एकोणीस वर्षे, म्हणजे तसे लवकरच झाले.

यावर म्हणतात, निवृत्तीच्या तोंडावर साहेबलोकांना रक्तदाब सापडतो, 20 टक्के अपंगत्वाचे 50 टक्के धरून पेन्शन मिळते, तिजोरी लुटली जाते. लबाडी होत असेलही. पण ती पकडायची तर बोर्डाने प्रत्येक प्रकरणात कारणे लिहावीत; ‘नोकरीमुळे नाही’ असा छापील शेरा मारल्याने लबाड आणि आजारी दोघे एकाच मापाने मोजले जातात. दुसरा आक्षेप असा की, असले आजार गावातही होतात. होतात, पण गावातल्या माणसाला सियाचीनला उभे करत नाहीत. आणि कारण कळले नाही तरी भरपाई देता येते. आखाती युद्धातून परतलेल्यांच्या दुखण्याचे निदानच होईना, तेव्हा अमेरिकेने 1994 मध्ये कायदा करून निदान नसलेल्या आजारालाही भरपाई दिली. तिथेही दावे फेटाळले जातात, पण निदान नाही म्हणून दावाच नाही, असे कायदा म्हणत नाही. आपल्याकडे जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकला की संरक्षण मंत्रालय वरच्या न्यायालयात जाते. जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे 300 याचिका फेटाळल्या. वकिलांच्या फीसाठी मेडिकल बोर्ड लागत नाही.